धुरपदा उरली

एकदा काय झालं, एका राजाला रांगांचं वेड लागलं. झाडं रांगेत, घरं रांगेत, हत्तीसुद्धा रांगेत. मग त्याला वाटलं, माणसंही रांगेत हवीत. नगरात राजा-राणीपासून तान्ह्या बाळापर्यंत माणसं होती दोन हजार पाचशे एकवीस. मोठा हट्टी आकडा, बरं का!

दसऱ्याला सगळे मैदानात जमले. राजा म्हणाला, "दोन-दोनच्या रांगा करा." केल्या. एक बाई उरली. ती धुरपदा, टोपल्या विणणारी. मग तीन-तीनच्या केल्या. धुरपदाच उरली. चार-चारच्या, पाच-पाचच्या, पार दहा-दहापर्यंत करून पाहिल्या. दर वेळी एक माणूस उरायचंच. आणि ते धुरपदाच, कारण बिचारीचा पाय अधू, ती सगळ्यांच्या मागून पोचायची.

राजा भडकला. "हाकला हिला! हिच्यापायी माझ्या रांगा बिघडतात."

धुरपदाच्या अंगाची लाही लाही झाली. "आकडा वाटला जात नाही, त्यात माझा काय गुन्हा? तूही त्यातला एकच ना रे!"

पण कुणी चकार शब्द काढला नाही. शेजारीण चंपूसुद्धा बाळ कडेवर घेऊन खाली मान घालून उभी. धुरपदाला राजापेक्षा तिचाच राग जास्त आला. काठी आपटत ती डोंगरावर निघून गेली.

मग? डोंगरात राहत होते दहा राक्षस भाऊ. ते गुहेत बोलत होते, "आज नगर खायचं. पण आईची आण आहे, सारखे वाटे पडले तरच खायचं. एक जरी उरला, तर कुणालाच हात लावायचा नाही."

धुरपदानं मनात हिशेब केला. ती सोडून माणसं दोन हजार पाचशे वीस. प्रत्येक राक्षसाला बरोब्बर दोनशे बावन्न!

"खाऊ देत मेल्यांना," ती म्हणाली आणि दगडावर बसून राहिली. पण चंपूचं बाळ काही डोळ्यांपुढून हलेना. त्यानं काय केलं होतं तिचं? मग ती उठली. राग गेला नव्हता हं. रागातच डोंगर उतरली.

खाली मैदानात राक्षस माणसांचे वाटे घालत होते. धुरपदा कंबरेवर हात ठेवून मधोमध उभी राहिली. "घाला बघू मला कुणाच्या वाट्यात!"

दहा वाटे सारखे पडले, एक धुरपदा जादा. राक्षसांनी धाकट्याला बदडून हाकललं, नऊ वाटे केले. तरी एक उरलंच. आठ केले. तरी एक! भांडत भांडत शेवटी दोघेच राहिले, तरी एक उरलंच. मग ते दोघे एकमेकांच्या उरावर बसले आणि गडगडत दरीत गेले.

धुरपदा घरी गेली. मग राजा हात जोडून तिच्या दाराशी आला. "धुरपदाबाई, आता पहिल्या रांगेत उभं राहायचं."

"जळली तुझी रांग!" तिनं दार धाडकन लावलं.

मग राणी आली. दार बंदच.

मग चंपू आली. म्हणाली, "चुकलं माझं. मी बोलायला हवं होतं."

"हवंच होतं!" धुरपदा आतून कडाडली. खूप बोलली, घसा बसेपर्यंत बोलली. चंपू ऐकत उभी राहिली, गेली नाही. तेव्हा कुठं कडी निघाली. "दे ते पोर इकडे," धुरपदा म्हणाली, "उन्हात उभं केलंयस त्याला."

राजानं रांगा मोडल्या. माणसं हवी तशी उभी राहू लागली, आणि सगळी सुखानं नांदली. चला, मिटा डोळे. दिवा मालवते मी.