मोठ्यांना न टोचणारी खिटी

संस्थानं होती तेव्हाची गोष्ट. एका सरदारांच्या ठासणीच्या रिव्हॉल्वरमधली, बार भरायचं चक्र फिरवणारी खिटी झिजली. दसऱ्याला सहा बारांची सलामी द्यायची होती, म्हणून कारागिराने नवी खिटी घडवली. अशी खिटी मुद्दाम जराशी मोठी ठेवतात आणि बसवताना बेताने घासतात.

ती आत शिरताच रिव्हॉल्वरचा घोडा खेकसला, "अगं, टोचतेस की! आमच्या घराण्यात हे चालायचं नाही."

"चुकलं, काका. घासून येते," खिटी घाबरून म्हणाली.

मग चक्र कुरकुरलं, "पोरी, फार ढकलतेस बाई!" चापाला ती रुंद वाटली. खिटी दर वेळी कानशीकडे धावली.

शेवटी कानस म्हणाली, "आता पुरे. गेलेलं लोखंड परत चिकटत नाही."

"पण एवढी जाणती मंडळी खोटं कशाला बोलतील?" म्हणत खिटीने पुन्हा अंग पुढे केलं.

आता ती कुणालाच टोचेना. सगळ्यांनी तिला तोंडभरून गुणी म्हटलं.

दसऱ्याला पहिला बार कसाबसा झाला. पुढे सरदारांनी कितीदा घोडा ओढला, तरी चक्र जागचं हललं नाही. त्याच संध्याकाळी खिटी भंगारात गेली.

"हल्लीच्यांत दमच नाही," चक्र म्हणालं.

"खरंय," घोडा म्हणाला. "पण पोर स्वभावाने चांगली होती हो. पुढचीही अशीच मिळाली पाहिजे."