करपाईची पहिली भाकरी

पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नसेल तर काय करायचं, या एकाच प्रश्नापायी केतकी रात्रभर कूस बदलत राहिली. ज्वारी तिने स्वतः निवडून, समोर उभं राहून दळून आणली होती. पण घरच्या गॅसवरसुद्धा तिची भाकरी निम्म्या वेळा चिरायची, आणि उद्याची तर उघड्या माळावर, तीन दगडांच्या चुलीवर, देवीसाठी करायची होती.

आंबेशिव गावाच्या वर ही करपाईची टेकडी. माथ्यावर देऊळ नाही, मूर्ती नाही. एक उभा राखाडी कातळ आहे आणि त्याच्या मधोमध तव्याएवढा काळाकुट्ट गोल डाग. तीच करपाई. ज्यांचं कुळ इथलं, त्यांच्या घरची बाई मूल जगलं-वाढलं की इथे येते, कातळासमोर स्वतः चूल मांडते आणि पहिली भाकरी देवीपुढे ठेवते. तिच्या चुलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

केतकीची जुई जन्मली तेव्हा कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. त्या काचेला कपाळ टेकून केतकी बोलून गेली होती, "ही घरी येऊ दे, करपाईला माझ्या हातची भाकरी देईन." ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. वर्गात कुणी असं बोललं असतं तर तिने त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं. पण बोललं ते बोललं. जुई घरी आली, चार वर्षांची झाली, आणि तिचं अंग जरा कोमट लागलं तरी केतकीला ती न दिलेली भाकरी आठवायची.

म्हणून माघातल्या त्या सकाळी ती कातळासमोर बसली होती, आणि चूल काही पेटत नव्हती. तिने चुलीचं तोंड नेमकं वाऱ्याकडे केलं होतं. काटक्या घालायच्या सोडून थेट जाडजूड ओंडके घातले होते. धूर मात्र भरपूर निघत होता, आणि ती ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला येत होता.

"गाडीत छोटा गॅस आहे हं," लांबून तिचा नवरा निरंजन म्हणाला.

"तू गप्प बस," केतकी म्हणाली. सासूबाई, म्हणजे माई, झाडाखाली मान खाली घालून शेंगा सोलत होत्या. त्या काहीच बोलत नव्हत्या, याचाच केतकीला जास्त राग येत होता.

अखेर जाळ धरला, तो असा की तवा दिसेनासा झाला. पहिली भाकरी बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची. केतकीने इकडेतिकडे पाहिलं आणि ती परातीमागे सारली.

"आई, ही पहिली ना?" जुईने विचारलं.

"नाही. हा सराव आहे."

दुसरी तव्यावर टाकतानाच फाटली आणि फाटल्या ठिकाणी जळली. तिसरी उलटताना बोटं भाजली. तीही परातीमागे गेली. मग केतकीने उलथनं भिरकावून दिलं. "एवढं शिकले, आणि साधी भाकरी येत नाही मला! द्यायची तरी काय हिला? हे?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते धुराचं आहे असं म्हणायची सोय होती.

कातळाची झाडलोट करणाऱ्या हौसाआजी खराटा टेकवून जवळ आल्या. परातीमागची चवड त्यांनी पाहिली. "साळूनंबी अशाच लपवल्या होत्या म्हणं," त्या म्हणाल्या आणि तिथेच बसल्या.

फार वर्षांपूर्वी दुष्काळ पडला, असं सांगतात. टेकडीच्या पाठीला झरा होता, म्हणून अख्खा गाव गुरंढोरं घेऊन वर आला. त्यात साळू नावाची नवी सून होती. तिचं लेकरू तापाने फणफणलं होतं. कातळाला तेव्हाही देवी मानत, पण त्यावर हा डाग नव्हता. साळूने त्याला हात लावून शब्द दिला, लेकरू उठून बसलं तर पहिली चांगली भाकरी तुझी. सकाळी लेकरू उठून बसलं आणि खायला मागू लागलं. पण साळूने उघड्या वाऱ्यात कधी चूल पेटवलीच नव्हती. एक भाकरी करपली, ती तिने बाजूला ठेवली. मग दुसरी. लेकरू हात पुढे करी, साळू तो मागे सारी. आधी देवीची, मग तुझी. असं करता करता पीठ संपलं आणि शेवटचीही काळी झाली. तेव्हा साळूचं डोकं फिरलं. तापलेली भाकरी तिने उचलली आणि कातळावर फेकली. "घे! असलीच मिळंल!"

भाकरी खाली पडली नाही. कातळालाच चिकटली. आणि आतून आवाज आला म्हणे. "आजवर सगळ्यांनी मला पांढऱ्याफेक, टम्म फुगलेल्या भाकऱ्या दिल्या. चुलीपुढची बाई स्वतः जी खाते, ती कुणीच दिली नाही. करपलेली माझी. चांगली होईल तिचा पहिला घास तुझा, दुसरा लेकराचा." साळूने वळून पाहिलं, तर परातीत एका भाकरीपुरतं पीठ होतं.

केतकी उठून थेट माईंसमोर गेली. "तुम्हाला माहीत होतं? मग आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं की बायका आरामात बसून करपवतात. तशी तिला चालत नाही."

"रात्रभर झोपले नाही मी, माई!"

"ठाऊक आहे. मी तरी कुठे झोपले होते?" माई म्हणाल्या. "माझ्या वेळी मी तवाच लाथाडला होता."

केतकीचा राग गेला नाही. पण ती परत चुलीपाशी आली, ओंडके बाहेर ओढले आणि उरलेल्या निखाऱ्यांवर एक भाकरी केली. वाकडी झाली, पण भाजली. मग परातीमागची सगळ्यात काळी भाकरी घेऊन तिने ती कातळाच्या पायाशी ठेवली.

आजही तिथे अशाच काळ्या भाकऱ्या ठेवतात. दिवस मावळेपर्यंत कावळे त्या नेतात, आणि देवी जेवली असं गाव म्हणतं. आजही त्या माळावर चूल पेटवणारी बाई पहिला घास स्वतः घेते आणि बाकीचे तोवर थांबतात.

केतकीने घास तोंडात घातला. सगळे बघत होते. घरी करपलेल्या पोळ्या तीच खायची, ओट्याशी उभी राहून, लोणच्याला लावून. बसून, पहिली, चांगली भाकरी कधी खाल्ली होती, ते तिला आठवेना.

दुसरा घास तिने जुईपुढे धरला. जुईने तोंड उघडलं नाही. ती कातळापाशी ठेवलेल्या भाकरीकडे पाहत होती. मग तिने डब्यांच्या पिशवीत हात घातला, बरणी बाहेर काढली आणि म्हणाली, "आई, देवीला लोणचं दे ना. तू काळी खातेस तेव्हा घेतेस, तसं."