एक कळ कमी

प्रकाशनसंस्थेचे मालक त्र्यंबकराव कुणाला 'कीबोर्ड' म्हणू देत नसत, कळफलकच म्हणायचं. त्यांनी सगळ्यांसाठी चपटे, महागडे कळफलक आणले आणि पुस्तकं टाइप करणाऱ्या शर्मिष्ठाचं मनगट ठणकू लागलं.

शेवटी तिने दुकानात बसून चार-पाच मेकॅनिकल कीबोर्ड बडवून पाहिले आणि स्वतःसाठी एक स्वस्तातला निवडला. त्याच्या कळा बोट टेकताच दबत. संध्याकाळी मुलीबरोबर गाड्यांची शर्यत खेळायलाही तोच चालणार होता.

दुसऱ्या दिवशी त्याची टकटक ऐकून मालक सगळ्यांसमोर थांबले. "हे खेळणं इथे कशाला? आमच्या कळफलकापेक्षा यात वेगळं काय, ते एका वाक्यात सांगा. पटलं तर ठेवा, नाहीतर घरी न्या."

शर्मिष्ठाने जरा विचार केला. "सर, यात एक कळ कमी आहे."

मालकांनी चष्मा लावला आणि दोन्ही कळफलक शेजारी ठेवून ताडून पाहिले. "सगळ्या तर आहेत. कुठली कमी आहे?"

"मनगटातली."

स्वतःचं मनगट चोळत मालक आपल्या खोलीकडे निघाले आणि दारात थबकले.

"कुठे मिळतो हा कीबोर्ड?" त्यांनी हळूच विचारलं.