एका एसची पाटी

ऐक रं पोरा, मी सांगते त्यातल्या एका शब्दावर तरी इस्वास ठेवून दाखव. न्हाई ठेवता यायचा तुला. मीबी ठेवला नसता. पन मी तिथंच व्हते, मठाच्या चुलीपाशी, हातात पळी घिऊन.

“पण बुवा, शिक्षा केली तर माझं चुकलं काय?”

असं विचारत व्हते धोंगडे सर. गावात विंग्रजीचा क्लास चालवायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मठातले निर्मळगिरी बुवा त्यांचे गुरू. दर सोमवारी यायचे, पाया पडायचे, आन् मंग बुवांनाच शिकवत बसायचे.

बुवा धुनीपुढं बसलेले.

पायरीवर वनिता उभी. सरांच्या क्लासातली पोरगी. गळ्यात सुतळीनं बांधलेली दगडी पाटी. पाटीवर विंग्रजीत एक शब्द.

“इंग्रजीत सारखे दिसणारे शब्द फार घातकी असतात, बुवा,” सर म्हनले. “लूस म्हणजे सैल. त्यातला एक ओ काढला की लूझ, म्हणजे हरवणं. प्रिन्सिपल दोन आहेत. एक म्हणजे मुख्याध्यापक, दुसरं म्हणजे तत्त्व.”

“दोनी एका साळंत कदी गावत न्हाईत,” मी म्हनलं.

बुवांची दाढी हलली. सर काय हसले न्हाईत.

“आणि हिनं काय लिहिलं? लग्नात जेवणानंतर आम्ही डेझर्ट खाल्लं! एस एकच. एक एस म्हणजे वाळवंट. गोड पदार्थाला दोन लागतात. म्हणजे ही बया लग्नात वाळवंट खाऊन आली!”

आता मातर हसले. पोट धरून.

“मंग?” बुवा.

“मग काय, आमच्या क्लासची रीत आहे. चुकलेला शब्द पाटीवर लिहायचा, पाटी गळ्यात घालायची. तासापुरती. पण ही काढतच नाही! पाटी घालून बाजारात जाते, दळणाला जाते. काय लिहिलंय विचारलं तर म्हणते, सरांना विचारा. न्हावी विचारतो, कंडक्टर विचारतो. काल माझ्या सासऱ्यांनी विचारलं!”

मला हसू दाबंना. पळी भांड्यावर वाजली.

“तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. सगळ्यांपुढं माफी मागू दे, पाटी काढू दे. तोवर क्लासात पाऊल टाकू देणार नाही.”

आता तूच बघ. तिची नर्सिंगची परीक्षा तोंडावर आलेली. नापास झाली तर चुलता लगीन लावून द्यायला टपलेला. आन् गावात दुसरा क्लास न्हाई. पोरीचं तोंड सुकलेलं, पन मान ताठ.

बुवांनी विचारलं, “का गं, चूक मान्य न्हाई?”

“चूक मान्य हाय. हसनं मान्य न्हाई.”

“मंग पाटी काढ की.”

“ज्यांनी घातली त्यांनी काढावी.”

“बघितलंत?” सर म्हनले. “बघितलंत, बुवा?”

बुवांनी चिमटा उचलला.

मंग धुनीतली राख पुढं ओढली. हातानं सपाट केली.

“मला शिकव, धोंगडे.”

सर खुलले. बोटानं राखंत दोनी शब्द काढले. हे वाळवंट, हे गोड. बुवांनी बघितलं, पुसलं. आन् सोताच्या बोटानं सावकाश एक शब्द काढला, जीब बाहेर काढून, पहिलीतल्या पोरावानी.

“हे गोड. बराबर?”

सर वाकले. “नाही… म्हणजे… एस एकच झाला, बुवा. होतं असं. पहिल्यांदा होतंच.”

“वाळवंट झालं?”

“झालं… पण हरकत नाही.”

“हस की.”

“अं?”

“हस. तिला हसलास तसा.”

“तुम्हाला कसं हसू, बुवा?”

“का? माजाबी एकच कमी हाय.”

“ती विद्यार्थिनी आहे.”

“आन् मी आत्ता कोन हाय?”

असं म्हनून बुवांनी काय केलं असंल? पुढं सरकले, आन् सरांपुढं मान वाकवली. पांढऱ्या जटा राखंत टेकल्या.

“घाल पाटी.”

सर मागं सरले. “बुवा, उठा. लोक बघताहेत.”

लोक कुठले? मी आन् वनिता, दोघीच.

“तिच्या येळंलाबी बघत व्हते,” बुवा म्हनले. मान खालीच.

हात कुठं ठेवावं कळंना सरांना. मी कशाला गप बसते?

“घाला की, सर. पाटी एकच हाय. तिच्या गळ्यातली काढा आन् घाला.”

सरांनी माज्याकडं असं बघितलं, असं बघितलं… जाऊ दे.

गेले वनितापाशी. ती दोन पायऱ्या वर. वाकली न्हाई. सर चवड्यांवर उभं राहिले, दोनी हात वर केले. सुतळी तिच्या वेनीत अडकली. ओढली न्हाई त्यांनी. एकेक केस सोडवत बसले.

पाटी निघाली. खाली मानंवर सुतळीचा लाल वळ.

सरांनी तो बघितला. लई येळ बघितला.

हातात पाटी. हिकडं बुवांची वाकलेली मान. तिकडं पोरीचा वळ…

सरांनी पाटी सोताच्याच गळ्यात घातली.

वनिता खाली उतरली. सरांपुढं उभी राहिली.

“उलटी झाली, सर.”

तिनंच सरळ केली. हसली न्हाई. आन् चालाय लागली, क्लासाच्या वाटंनं. माफी न्हाई, इचारनं न्हाई, मागं वळून बघनं न्हाई.

सर तिथंच उभे. “बुवा… ही काढू कधी?”

बुवांनी मान वर केली. जटंतली राख झटकली.

“पळ. तुज्या बाई पुढं गेल्या.”

आन् तू रं? तू काय बसलायस माज्या तोंडाकडं बघत? गोष्ट सपली, जा आता.