पाण्यातले देव

“नदीत सोडू, की तुम्ही ठेवून घेता?”

दिगंबर मास्तरांनी पितळी डबा अच्युतबुवांच्या पुढ्यात ठेवला. नमस्कार केला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

नदीकाठच्या त्या लहानशा मठाच्या ओसरीवर बुवा तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी सूप बाजूला सारलं.

“काय आहे?”

“घरातले देव.”

बुवांनी झाकण काढलं. काठोकाठ पाणी. तळाशी अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, रांगता बाळकृष्ण.

“वसुधा तापाने पडली तेव्हा पाण्यात घातले. म्हटलं, पोर उठून बसली की बाहेर काढीन, त्याआधी नाही.” मास्तर थांबले. “ती उठली नाही. चार महिने झाले.”

“ठाऊक आहे.”

“गावात कुणाचं माणूस गेलं की मी समजवायला जायचो. देवावर भार टाका, म्हणायचो. तोंड वर करून… आता तेच तुम्ही मला सांगाल.”

“नाही सांगत.”

मास्तर तयारीने आले होते. आता ते ओसरीच्या कडेला टेकले.

“बसने आलास?” बुवांनी विचारलं.

“हो.”

“डबा मांडीवर?”

“मग काय, पायाशी ठेवणार?”

“तिकीट काढलंस का त्यांचं?”

मास्तर हसले नाहीत. ओठ तेवढे हलले.

“गुडघ्यापाशी धोतर भिजलंय तुझं.”

“घाटात हिंदकळला डबा. निम्मं पाणी सांडलं. पुढच्या स्टँडवर उतरून नळाखाली भरून घेतला.”

“नदीत सोडायला निघालास ना? मग भरलास कशाला?”

मास्तर धोतराचा ओला सोगा पिळू लागले.

“घरी पाणी कोण बदलतं?”

“मीच.”

“किती दिवसांनी?”

“रोज. नाहीतर बुळबुळीत होतं.” मग खाली बघत, हळू आवाजात, “थंडी पडल्यापासून कोमट घालतो.”

“ज्याने तुझं ऐकलं नाही, त्याला?”

मास्तरांनी डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

“एवढं करतोस, तर बाहेरच का नाही काढलेस?”

“बाहेर काढले तर…”

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

“बाहेर काढले तर ती गेली, असं होईल.”

“ती गेली, दिगंबर.”

“…हो.”

एवढा एक शब्द. चार महिन्यांत तो त्यांनी कुणापुढे उच्चारला नव्हता. त्यानंतर मात्र त्यांचा आवाज आवरेना.

“आई तिची आधीच नेली. आता ही. रोजची पूजा चुकवली नाही मी, बुवा. कधीच नाही. आणि त्याने मला एकट्याला बुडवलं. एकट्याला.”

बुवांनी डबा हळूच फिरवून मास्तरांच्या समोर सरकवला. झाकण उघडंच होतं. पाणी हललं, पुन्हा स्थिर झालं. तळाशी तिघे देव दिसू लागले.

“एकट्याला?” बुवांनी विचारलं.

मास्तर पाण्यात बघत राहिले.

ऊन ओसरीच्या पायरीवर आलं. घाटावरचं धुणं थांबलं.

बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, चार पदरी घडी केली आणि दोघांच्या मधे अंथरली. मग ते सूप ओढून पुन्हा तांदूळ निवडू लागले.

मास्तरांनी बाही वर केली. पाण्यात हात घातला. आधी अन्नपूर्णा बाहेर आली, मग टाक. बाळकृष्ण शेवटी. तो त्यांनी तळहातावर घेतला आणि तसाच धरून ठेवला. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकत होतं.

मग उपरण्याचं टोक घेऊन ते पुसू लागले.

बुवांनी सुपातून मान वर केली नाही.

“कानामागे नीट पूस. लहान आहे.”