थांबणीची पायरी

सातवेळे शहराच्या उत्तरेला समुद्रातून सरळ वर गेलेला काळा कडा आहे. त्याच्या निम्म्यावर, दोन माणसे बसतील एवढी एक गुळगुळीत पायरी आहे; तिला थांबणी म्हणतात. दोर घेऊन चढायला आलेल्यांना पायथ्याशी राहणाऱ्या सिंधूवहिनी आधीच सांगतात, "कार्तिकी पुनवेपासून शिमग्यापर्यंत थांबणीच्या वर पाऊल टाकायचे नाही." वनखात्याची पाटी अलीकडची. मनाई फार जुनी.

असे सांगतात की, शहर नव्हते, नुसते बंदर होते, तेव्हा इथे भागी नावाची कोळीण राहत होती. एका पौषात तिचा नवरा गुणाजी होडी घेऊन गेला आणि पाच दिवस परतला नाही. दर्यावर दाट धुके बसले होते. भागीला घरात बसवेना. चूल पेटवायची, विझवायची. दारात जायची, परत यायची.

"बस गे जरा," सासू म्हणाली. "तुझ्या येरझाऱ्यांनी दर्यो आटाचो नाय."

"मी कड्यावर जाऊन धूर करतंय, आये. धूर दिसलो तर तेंका किनारो गावतलो."

"थंय बापये जात नायत, आणि तू बाईमाणूस चल्लंस?"

भागी गेलीच. पाठीवर सुकी लाकडे बांधून, अनवाणी. पायरीपर्यंत धुके होते, वर लख्ख ऊन. पायरीच्या थोडे वर, हाताच्या अंतरावर समुद्रगरुडांचे घरटे होते आणि त्यात एकच अंडे. मादी उठली, नरही आला. दोघे तिच्यावर झेपावू लागले. लाकडांची मोळी सुटून समुद्रात गेली. भागी घसरत पायरीवर आली आणि कड्याला चिकटून बसली.

निमूट बसली असती तर पाखरे शांत झाली असती. पण तिला बसवेना. लाकडे गेली तरी घटकाभराने ती उठे, वर चढायला हात घाली, आणि मादी पुन्हा अंडे सोडून उडे. सकाळपासून दुपार टळेपर्यंत दोन्ही गरुड तिच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत राहिले. अंडे वाऱ्यात उघडे पडले होते. भागी ते पाहत होती, म्हणे, आणि तरीही उठत होती.

उन्हे कलताना खालून हाळी आली. होडी किनाऱ्याला लागली होती. माणसांनी पायरीपर्यंत जाळ्याचा दोर नेऊन भागीला उतरवले.

"धुक्यात कायच दिसा नाय," गुणाजी म्हणाला. "गरुडांची ओरड आयकली आणि होडी तिकडे वळयली. आज तेंका झाला तरी काय?"

भागीने वर घरट्याकडे पाहिले.

त्यानंतर ती रोज कड्याखाली जाऊन कान देई. मादी अंड्यावर बसून होती. दरवर्षी शिमग्याच्या सुमारास पिल्लाची हाक येई. त्या वर्षी शिमगा झाला, पालखी देवळात परतली, हाक आली नाही. भागी पायरीवर चढली आणि हात जोडून म्हणाली, "माझो माणूस तुमच्या ओरडण्यान घराक इलो. तुमचा घर माझ्या पायान मोडला. आता हयसून वर कोण येवचो नाय."

आजही होडीला उशीर झाला की घरची बाई थांबणीवर जाऊन बसते. पाय कितीही वळवळले तरी उठत नाही. आणि शिमग्याच्या आसपास कड्यावरून बारीक, चिरकी हाक आली की मासळीबाजारात हातातला कोयता थांबतो, आणि कुणीतरी शेजारणीला सांगते, "आयकलंस? भागीचा पोर बोलला."