धरणीधराने आणलेल्या तीन वस्तू

एका राज्यात, जिथे डाळिंबे वर्षातून दोनदा पिकत आणि पक्षी माणसांशी बोलत, तिथे अमोघकेतु नावाचा राजा होता. राजा न्यायी होता, प्रजेवर माया करी. नाद त्याला एकच होता, देशोदेशीच्या वस्तू जमवण्याचा. स्वतः तो राज्याच्या वेशीबाहेर कधी गेला नव्हता. पण महालात एक लांबच लांब दालन होते, आणि व्यापाऱ्यांनी आणलेल्या चिजा त्यात ओळीने मांडलेल्या होत्या. पाहुणा आला की राजा त्याला हाताला धरून तिथे नेई आणि म्हणे, "पाहा, सारे जग माझ्या घरी आले आहे."

त्या दालनात काय ठेवायचे आणि काय परत पाठवायचे हे रत्नपारखी धरणीधर ठरवी. त्याचे वय साठीच्या पुढचे, पण नजर ससाण्याची. त्याने मान हलवली की वस्तू खरी, असे सारा दरबार मानी.

एके दिवशी कपिलाक्ष नावाचा व्यापारी सात गाड्या भरून माल घेऊन आला. खरे तर तो व्यापारी नव्हता, जादूगार होता. पण ते काही कोणाच्या कपाळावर लिहिलेले नसते. त्याने ताम्रद्वीपाच्या घंटा काढल्या, हिमकूटाची कांबळी काढली, शुभ्रसागराचे मीठ भरलेल्या कोरीव पेट्या काढल्या. राजा हरखला. सहा वर्षांची राजकन्या सुमेधा टाळ्या पिटू लागली.

धरणीधराने एक घंटा नाकाशी नेली. लाखेचा वास आला. कांबळे हुंगले. तोच वास. मिठालाही तोच. तीन देशांचा माल एकाच भट्टीतून निघाला होता.

"पारखी, माल अस्सल ना?" राजाने विचारले.

राजाचा चेहरा इतका फुलला होता, की धरणीधराची जीभ अडली.

"अस्सल आहे, महाराज," तो म्हणाला.

त्याच क्षणी कपिलाक्ष खदाखदा हसला. "ज्या घरी खोट्याला खरे म्हटले, त्या घरी खऱ्याने कशाला राहावे?" एवढे बोलून तो गाड्यांसकट दिसेनासा झाला. माल तेवढा मागे राहिला.

त्या दिवसापासून राज्यातल्या घंटा हलत, पण वाजत नसत. चार-चार पांघरुणे घेतली तरी ऊब येत नसे. आणि लोक पोटभर जेवत, पण पोट भरत नसे. भात तोच, वरण तेच. पान संपले तरी भूक जागच्या जागी. माणसे जेवता जेवता वाळू लागली. सुमेधेच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

तेव्हा दरवर्षी साऱ्या पृथ्वीवरून फिरून येणारा एक म्हातारा करकोचा दरबारात उतरला. तो म्हणाला, "राजा, ज्या तीन देशांच्या नावाने खोटे आले, त्या तीन देशांतून त्याच तीन वस्तू खऱ्या आणवाव्या लागतील. आणणाऱ्याने स्वतः बाजारात जावे, घडवणाऱ्याच्या हातून वस्तू घ्यावी. नक्कल असेल तर बाजाराची कमान ओलांडताच तिची राख होईल. पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत हे व्हावे. त्यापुढे ही पोर तग धरणार नाही."

"कोण जाईल?" राजाने विचारले.

"मी जाईन," धरणीधर म्हणाला. का, ते त्याने सांगितले नाही.

राजाने बोटातली पाचूची अंगठी काढून त्याला वाटखर्चाला दिली. करकोच्याने त्याला पाठीवर घेतले. त्या राज्यातले करकोचे तेवढे मोठे असत.

पहिल्यांदा ते ताम्रद्वीपाला गेले. कमानीतून आत शिरताच दोन्ही बाजूंना दुकानेच दुकाने, आणि दुकानांत आरशासारख्या लखलखत्या घंटा. "या पाहुणे, आत या! घ्यायचे नसले तरी नुसते पाहून जा!" दुकानदार बाहीला धरून ओढू लागले. धरणीधराने एक घंटा उचलली.

"ही कोणी घडवली?"

"कारागिराने."

"त्याचे नाव काय?"

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. धरणीधराने घंटा खाली ठेवली. दहा दुकानांत त्याने हेच विचारले, दहाही दुकानांत हेच झाले. मग तो बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरला. तिथे धूर होता, कोळसा होता, आणि पाठीत वाकलेली एक बाई काशाचा रस साच्यात ओतत होती.

"बाई, मला एक घंटा हवी आहे."

"तयार घंटा नाही. भाता ओढणारा आजारी पडला आहे. तुम्ही ओढाल, तर तीन दिवसांत घडेल. तीच तिची किंमत."

धरणीधराने उभ्या जन्मात हिऱ्यापेक्षा जड काही उचलले नव्हते. तीन दिवस त्याने भाता ओढला. हाताला फोड आले, दाढी होरपळली. चौथ्या दिवशी साचा फोडला तेव्हा काळसर, एका अंगाला किंचित फुगीर अशी घंटा बाहेर आली. ती घेऊन त्याने कमान ओलांडली. घंटा तशीच राहिली. धरणीधर स्वतःशीच हसला. कित्येक दिवसांनी त्याला हसू आले होते.

नंतर ते हिमकूटाला गेले. तिथला बाजार बर्फाच्या पठारावर भरे. कमानीपाशीच एक पांढऱ्या दाढीचा माणूस मांडीवर कांबळे घेऊन रडत बसला होता. "पाहुणे, हे माझ्या आईने मरणापूर्वी विणले. पोटासाठी विकावे लागते आहे. एक-एक टाका घालताना ती माझे नाव घेत होती." ऐकता ऐकता धरणीधराचे डोळे भरून आले. त्याने हुंगून पाहिले नाही, काही विचारले नाही. राजाची अंगठी त्याच्या हातावर ठेवली आणि कांबळे घेऊन कमान ओलांडली. त्याच्या खांद्यावर राख उरली. मागून ओळखीचे हसू ऐकू आले. वळून पाहतो तो दाढीवाल्याच्या जागी कोणी नव्हते.

"गोष्ट चांगली होती," करकोचा म्हणाला.

"मी गोष्ट विकत घेतली," धरणीधर म्हणाला आणि बर्फातच मटकन बसला. अंगठी गेली होती, पौर्णिमा चार दिवसांवर आली होती.

पण उठणे भाग होते. तो पुन्हा बाजारात शिरला. पार शेवटी एक विणकर फाटक्या चटईवर मुकाट बसला होता. समोर एकच कांबळे.

"कसे आहे कांबळे?" धरणीधराने विचारले.

"उबदार आहे. काठाला एक चूक आहे. विणताना मेंढी ओरडली, माझे लक्ष गेले."

धरणीधराने काठ पाहिला. चूक होती. कांबळ्याला मेंढीचा वास होता. "किंमत काय? माझ्याजवळ द्यायला काही उरलेले नाही."

"मग कशासाठी हवे ते सांगा. खरे सांगा."

आणि जे राजाला सांगितले नव्हते, करकोच्यालाही सांगितले नव्हते, ते धरणीधराने त्या अनोळखी माणसाला सांगितले. "मला वास आला होता. तरी मी अस्सल म्हणालो. माझ्या एका शब्दापायी आमची माणसे उपाशी आहेत."

विणकराने कांबळे चटईवरून उचलले. मग त्याने कांबळ्याची घडी घातली. "घेऊन जा. एवढे जड कोणी मला आजवर दिले नव्हते." धरणीधराने कमान ओलांडली, कांबळे तसेच राहिले.

शेवटी ते शुभ्रसागराच्या काठी उतरले. तिथे मिठाचे डोंगर होते आणि डोंगरापुढे कोरीव पेट्यांची दुकाने. आता धरणीधर दुकानांपुढे थांबला नाही. तो थेट मिठागरात गेला. तिथे दोन बहिणी मीठ ओढत होत्या. थोरलीचे नाव सिंधुजा, धाकटीचे लवंगी.

"मीठ विकत मिळेल?"

"आमचे मीठ व्यापारी नेतात. घरात आहे ते घरापुरते. ते विकायचे नाही," सिंधुजा म्हणाली.

धरणीधराचा चेहरा पडला. तो निघू लागला, तशी लवंगी म्हणाली, "ताई, पाहुणा उन्हाचा आला आहे. जेवल्याशिवाय कसा जाईल?"

त्यांनी त्याच्यापुढे नाचणीची भाकरी ठेवली आणि कांदा, त्यावर चिमूटभर मीठ. पहिला घास पोटात गेला आणि धरणीधराला भरल्यासारखे वाटले. शाप लागल्यापासून असे वाटले नव्हते. त्याचा हात थांबला, डोळ्यांना धार लागली.

"तिखट लागले का?" लवंगीने विचारले.

"नाही. आमच्या राज्यात एक मुलगी आहे. ती जेवते, पण तिचे पोट भरत नाही."

सिंधुजा उठली, चुलीमागचे मडके काढले, आणि त्यातले मीठ ओंजळभर पानात बांधले. "विकायचे नाही म्हटले होते," ती म्हणाली. "पाहुण्याला द्यायचे नाही असे म्हटले नव्हते."

पौर्णिमेच्या दुपारी करकोचा दरबारात उतरला. पाहतात तो कपिलाक्ष आधीच येऊन उभा. त्याच्या हातातही घंटा, कांबळे आणि मीठ होते. लखलखीत, नक्षीदार, डोळे दिपवणारे. "राजा, तुझा पारखी गल्लीबोळातला कचरा घेऊन आला आहे. खऱ्या वस्तू या इथे आहेत."

राजाने काळसर घंटेकडे पाहिले, चुकलेल्या काठाकडे पाहिले, पानातल्या मिठाकडे पाहिले. त्याला काही उमजेना. "पारखी, खरे कोणते?"

धरणीधर दोन पावले पुढे आला.

"महाराज, मी आणले ते खरे. हा म्हणतो ते खोटे. आणि त्या दिवशीही ते खोटेच होते. मला ठाऊक होते. तुमचा आनंद मोडवेना, म्हणून मी अस्सल म्हणालो."

शब्द संपतो न संपतो तोच तडकण्याचा आवाज झाला. कपिलाक्षाच्या कपाळावर चीर गेली, मग गालावर, मग छातीवर. तो स्वतःच लाखेचा होता. क्षणात त्याचे तुकडे तुकडे झाले, आणि दालनातला त्याचा सारा माल वितळून वाहून गेला. पाचूची अंगठी तेवढी तुकड्यांत पडून राहिली.

वाऱ्याने काळसर घंटा हलली आणि वाजली. तिच्यामागोमाग राज्यातल्या साऱ्या घंटा वाजू लागल्या.

धरणीधराने मान खाली घातली. "मला शिक्षा द्यावी."

"अपराध तुझा आहेच," राजा म्हणाला. "पण मी 'अस्सल ना?' असे विचारले. असे विचारणाऱ्याला दुसरे उत्तर नको असते. आता त्या दालनात तू मला एक-एक वस्तू दाखव, आणि खोटी असेल ती माझ्या हातानेच बाहेर टाकव. हीच तुझी शिक्षा, आणि माझीही."

राणीने ते मीठ चिमूट-चिमूट करून मोठ्या हंड्यांत टाकले. राजवाड्याच्या अंगणात पंगत बसली, राजा आणि धरणीधर एकमेकांशेजारी. सुमेधेला त्या कांबळ्यात गुंडाळून राजाने मांडीवर घेतले होते. तिने भात खाल्ला, वरण खाल्ले. वाढपी पुन्हा भात घेऊन आला, तेव्हा तिने पानावर दोन्ही हात आडवे धरले.

"पुरे," ती म्हणाली.

सारी पंगत क्षणभर थबकली. महिनाभरात हा शब्द त्या राज्यात कोणी उच्चारला नव्हता. मग कोणीतरी हसले, दुसऱ्या कोणी ढेकर दिला, आणि ओळीने एकेक जण पानावर हात धरू लागला. "पुरे, पुरे," असे म्हणता म्हणता ऊन उतरले.

त्या राज्याची भूक जशी भागली, तशी ऐकणाऱ्या-सांगणाऱ्यांची भागो. कहाणी आता आचवली.